छावणी तिकडे, लेकरं इकडे

एप्रिल-मे महिन्यात, उन्हाळ कांदा चाळीत भरायची घाई चाललेली असते त्याच दिवसांत, शाळेच्या ऑफिसात दोन-तीन आया हमखास येऊन बसतात. नवरा फौजेत असतो. मोबाइलवर त्याचा निरोप आलेला असतो, पोस्टिंग आली. कुणाची राजौरीला, कुणाची तेजपूरच्या पुढे, कुणाची जैसलमेरला. आणि प्रश्न एकच असतो, "बाई, पोराला आता कुठं घालू?" इथंच गावात आजी-आजोबांकडे ठेवू, नाशिकला खोली करून राहू, की त्यांच्याबरोबर बिऱ्हाड हलवू?

आज त्या प्रश्नावरच बोलू या. देवळा तालुक्यातल्या, सगळ्या कसमादे पट्ट्यातल्या ज्या घरातलं कुणी वर्दीत आहे, त्या आईवडिलांशी. आणि आजी-आजोबांशीही, कारण अशा घरांत मुलाचा डबा, दाखला आणि डॉक्टर पुष्कळदा तेच बघतात.

पहिली गोष्ट म्हणजे या प्रश्नाचं उत्तर सापडत नसेल तर त्यात तुमचं काही चुकलेलं नाही. सैनिकाच्या कुटुंबासाठी सरकारने सोयी केल्या आहेत आणि त्यातल्या बऱ्याच चांगल्या आहेत. पण त्यातल्या बहुतेक सोयी छावणीला बांधलेल्या आहेत. पलटण जिथे राहते तिथे शाळा, दवाखाना, कँटीन आणि क्वार्टर येतात. तुम्ही जिथे राहता तिथे ते येतातच असं नाही.

आपल्याच जिल्ह्याचं बघा ना. देवळाली कॅम्प इंग्रजांनी एकोणिसाव्या शतकात वसवला. मुंबई बंदरावर उतरलेल्या गोऱ्या पलटणींना रेल्वेने जवळ पडेल अशी थंड हवेची जागा त्यांना हवी होती. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, १९४१ मध्ये, तोफखान्याची शाळा काकुलहून देवळालीला आली. काकुल आज पाकिस्तानात आहे. नाशिकरोडला तोफखान्याचं प्रशिक्षण केंद्र आहे. यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री असताना, १९६४ मध्ये, ओझरला मिग विमानांचा कारखाना आला. ते तेव्हा नाशिकमधून बिनविरोध निवडून गेलेले खासदार होते. पुढे हवाई दलाचा दुरुस्ती डेपोही ओझरलाच झाला. २००३ मध्ये गांधीनगरला लष्करी हेलिकॉप्टरच्या वैमानिकांची प्रशिक्षण शाळा सुरू झाली.

हे सगळे निर्णय तोफा, धावपट्टी, रेल्वे आणि सरहद्दीपासूनचं अंतर बघून झाले, आणि ते तसेच व्हायला हवे होते. पण प्रत्येक निर्णयाच्या मागोमाग बाकीचंही तिथे आलं. देवळालीला मिलिटरी हॉस्पिटल झालं, आर्मी पब्लिक स्कूल झालं. नाशिकरोड, देवळाली आणि ओझरला केंद्रीय विद्यालयं झाली. कँटीन आलं, माजी सैनिकांचं पॉलिक्लिनिक आलं. तोफखान्याची शाळा १९४१ साली दुसऱ्या एखाद्या जिल्ह्यात गेली असती, तर आज यातलं बरंचसं तिकडेच असतं. ऐंशी वर्षांपूर्वी तोफांसाठी निवडलेल्या जागेवरून खामखेड्याच्या किंवा मेशीच्या आईला आज बालरोगतज्ज्ञ किती लांब पडणार, ते ठरलेलं आहे.

आणि ते अंतर थोडंथोडकं नाही. देवळ्याहून भावडबारी ओलांडून चांदवड, पिंपळगाव, ओझर करत नाशिक गाठायचं आणि पुढे नाशिकरोड किंवा देवळाली. एका बाजूचेच नव्वद-शंभर किलोमीटर होतात. म्हाताऱ्या सासऱ्यांना रक्तदाबाच्या गोळ्या आणायला नेलं तर अख्खा दिवस जातो आणि एका माणसाची मजुरी बुडते. शाळेसाठी तर रोज जाऊन-येऊन करणं शक्यच नाही. म्हणजे नाशिक जिल्हा सैन्याचा जिल्हा म्हणून ओळखला जातो, पण त्याच जिल्ह्यातल्या आपल्या तालुक्यातल्या सैनिकाच्या घराला या सोयी हाताशी नसतात.

शाळेकडे वळते, कारण मनावर सगळ्यात मोठं ओझं तिचंच असतं.

केंद्रीय विद्यालयं मुळात बदलीवर जाणाऱ्यांच्या मुलांसाठीच निघाली. दुसऱ्या वेतन आयोगाने तशी शिफारस केली, १९६२ च्या अखेरीस सरकारने ती मान्य केली, आणि पुढच्या वर्षी लष्कराच्या वीस रेजिमेंटल शाळा हाती घेऊन ही योजना सुरू झाली. आजही प्रवेशात केंद्र सरकारच्या नोकरांची आणि माजी सैनिकांची मुलं पहिल्या गटात धरली जातात. त्यातही मागच्या सात वर्षांत वडिलांच्या किती बदल्या झाल्या ते बघून क्रम लागतो. हे अनेक आयांना माहीतच नसतं. सारख्या बदल्यांचा एवढा एक तरी फायदा आहे, तो सोडू नका. पलटणीच्या ऑफिसातून बदल्यांचा दाखला घेऊन ठेवायला यजमानांना सांगा. ऐन प्रवेशाच्या आठवड्यात तो मागितला आणि ते नेमके नेटवर्क नसलेल्या चौकीवर असले, तर हातातली संधी जाते.

आता जायचं की राहायचं. यावर माझं मत स्पष्ट आहे आणि ते मी आडपडदा न ठेवता सांगते. मूल चौथीच्या आत असेल आणि वडिलांना पीस स्टेशन, म्हणजे कुटुंब बरोबर ठेवता येईल असं ठिकाण, मिळालं असेल, तर बिऱ्हाड घेऊन जा. शाळा बदलेल, पुस्तकं बदलतील, हिंदी-इंग्रजीत चाचपडावं लागेल. ते भरून निघतं. सहा-सात वर्षांच्या मुलाला रोज संध्याकाळी घरी येणारा बाप मिळाला, तर तो काळ त्याला जन्मभर पुरतो. फौजेतल्या माणसाच्या वाट्याला असे पीस स्टेशनचे दोन-तीन तुकडेच येतात. घर कोण बघेल, गाईला चारा कोण घालेल, या काळजीत ते वाया घालवू नका.

पाचवीपासून पुढे मात्र थोडा विचार करा, आणि नववी ते बारावीत मूल शक्यतो हलवू नका. त्यामागे नियमांची कारणं आहेत. आपल्या जिल्ह्याचं नवोदय विद्यालय दिंडोरी तालुक्यात खेडगावला आहे. सहावीला तिथे प्रवेश हवा असेल, तर मूल पाचवीत याच जिल्ह्यातल्या शाळेत शिकत असावं लागतं. ग्रामीण भागासाठी ज्या किमान ७५ टक्के जागा असतात, त्यांतून अर्ज करायचा तर तिसरी, चौथी आणि पाचवी ही तिन्ही वर्षं खेड्यातल्या शाळेत पूर्ण झालेली असावी लागतात. वडिलांच्या मागे चौथीत जोधपूर आणि पाचवीत देवळा असं झालं, की हुशार पोरगी त्या जागांतून आपोआप बाद होते. नवोदयचा विचार मनात असेल, तर त्याचं गणित दुसरीतच मांडावं लागतं. माझ्या मताला हा एक अपवाद मी स्वतःच करते. मुलीची तयारी आणि इच्छा दिसत असेल, तर तिला तिसरीपासून गावच्या शाळेत स्थिर करा.

दहावी-बारावीचंही असंच आहे. महाराष्ट्रातल्या व्यावसायिक प्रवेशात सैनिकांच्या मुलांसाठी डिफेन्सचा वेगळा कोटा असतो. अभियांत्रिकीला तो पाच टक्के आहे, पण एका संस्थेत जास्तीत जास्त पाच जागा. माजी सैनिकांची मुलं, सेवेतल्या सैनिकांची मुलं आणि बाहेरच्या राज्यातून इथे बदलून आलेल्यांची मुलं, असे त्यात प्रकार आहेत. पहिल्या दोन प्रकारांसाठी वडील महाराष्ट्राचे अधिवासी असल्याचं सिद्ध करावं लागतं. वीस वर्षं सरहद्दीवर घालवलेल्या माणसाच्या नावाचा अधिवास दाखला जुलैच्या धावपळीत काढायला गेलं, की काय दमछाक होते ते मी अनेक घरांत बघितलं आहे. आता यजमान सुट्टीवर येतील तेव्हा एक दिवस तहसील कचेरीसाठी राखून ठेवा. शेतीची कामं आणि लग्नकार्यं सुट्टी खातात, हे खरं. तरी हा एक दिवस काढाच.

मूल परत आणताना अडतं ते दाखल्याशी. एक मुलगी आठवते. सातवीत ईशान्येकडच्या एका छावणीतल्या शाळेतून आली होती. तिकडून शाळा सोडल्याचा दाखला यायला उशीर झाला, आणि इथल्या एका शाळेने तो येईपर्यंत तिला पटावर घेतलं नाही. ती सगळा जून महिना घरी बसून राहिली. आईला वाटलं, नियमच तसा असेल. नियम तसा नाही. शिक्षण हक्क कायदा, २००९, त्याचं कलम ५ स्पष्ट सांगतं की आठवीपर्यंतच्या मुलाला सरकारी वा अनुदानित शाळेत बदलून जाण्याचा हक्क आहे, आधीच्या शाळेच्या मुख्याध्यापकाने दाखला ताबडतोब द्यायचा आहे, आणि दाखला मिळायला उशीर झाला हे प्रवेश लांबवण्याचं किंवा नाकारण्याचं कारण होऊ शकत नाही. वयानुरूप वर्गात बसवायचं आणि मागे राहिलेलं वेगळं शिकवून भरून काढायचं, हे कलम ४ मध्ये आहे. ही दोन्ही कलमं कागदावर छापून बरोबर न्या आणि शांतपणे मुख्याध्यापकांसमोर ठेवा. बहुतेक मुख्याध्यापक समजून घेतात. त्यांनाही युडायस या शाळांच्या ऑनलाइन पोर्टलवर जुन्या शाळेने मूल सोडल्याशिवाय नाव चढवता येत नाही, ही खरी अडचण असते. म्हणून निघतानाच जुन्या शाळेकडून विद्यार्थ्याचा युडायसवरचा क्रमांक लिहून घ्या आणि ऑनलाइन बदलीची नोंद करायला सांगा. आधार कार्ड, जन्मदाखला आणि शाळेचा दाखला या तिन्हींवर नावाचं आणि आडनावाचं स्पेलिंग एक असू द्या. आपल्याकडे वडिलांचं नाव मध्ये लावतात. उत्तरेकडच्या शाळेत पुष्कळदा ते गळून जातं आणि दहावीच्या फॉर्मपर्यंत कुणाच्या लक्षात येत नाही.

त्या मुलीची दुसरी अडचण मराठीची होती. हिंदी फाडफाड वाचायची, इंग्रजीही बरं होतं. पण धड्याखालचे मराठी प्रश्न पुढे आले की ती गप्प बसायची. तिला काही येत नाही, असं वर्गाला वाटू लागलं होतं. राज्यातल्या सगळ्या मंडळांच्या शाळांत मराठी सक्तीची करणारा कायदा २०२० साली झाला, पण आसाम किंवा राजस्थानातल्या शाळेत तो कुठून लागू होणार? ही जबाबदारी घरावरच येते. आजी-आजोबांनो, इथे तुमची मोठी मदत होईल. नातवंडं लांब असतील तेव्हा फोनवर "जेवलास का, अभ्यास केलास का" एवढंच विचारून ठेवू नका. त्यांच्याशी आपल्या अहिराणीत पोटभर बोला. शेतातलं सांगा, गिरणेला पाणी आलं का ते सांगा, कुणाची म्हैस व्याली ते सांगा. आईने आठवड्यातून दोनदा मराठी पान वाचून घ्यावं, एक चिठ्ठी आजोबांना लिहायला लावावी. परतल्यावर ते मूल वर्गात परकं वाटणार नाही.

तिसरा मार्ग नाशिकचा. यजमान फिल्डमध्ये असताना कुटुंबाला एखाद्या छावणीत क्वार्टर मिळू शकतं. फौजेत त्याला एसएफ क्वार्टर म्हणतात. देवळालीला ते मिळालं तर मिलिटरी हॉस्पिटल आणि शाळा दोन्ही जवळ येतात, शेजारीपाजारी तुमच्यासारख्याच बायका असतात, आणि रात्री-अपरात्री मूल तापलं तर दार ठोठवायला कुणीतरी असतं. पण क्वार्टर मोजके असतात, नंबर लावून थांबावं लागतं, आणि मुदत संपली की सोडावं लागतं. मूल दहावी-बारावीत असेल तर काही काळ क्वार्टर ठेवू देण्याची तरतूद आहे, तिचा अर्ज वेळेत युनिटमार्फत जायला हवा. क्वार्टर न मिळाल्यास भाड्याची खोली घ्यायची. देवळाली बाजारात खोली घेणाऱ्यांनी आणखी एका गोष्टीवर लक्ष ठेवायला हवं. देशभरातल्या छावण्यांमधला नागरी भाग जवळच्या नगरपालिका-महापालिकांत विलीन करायचं केंद्र सरकारचं धोरण आहे. हिमाचलमधल्या योल छावणीपासून २०२३ साली त्याची सुरुवात झाली, आणि देवळालीचाही त्यात विचार चालू आहे. तसं झालं तर आज कॅन्टोन्मेंट बोर्ड जी शाळा आणि जो दवाखाना चालवतं, ती दोन्ही कुणाच्या हाती जातील, हे तुमच्या मुलाच्या रोजच्या दिवसाशी जोडलेलं आहे.

वसतिगृहाचा पर्यायही खुल्या मनाने बघा. नाशिकला राज्याच्या सैनिक कल्याण विभागाची मुलामुलींची वसतिगृहं आहेत. शिवाय सेवेतल्या सैनिकाला मुलांच्या शिक्षणाचा भत्ता मिळतो. जानेवारी २०२४ पासून तो पहिल्या दोन मुलांसाठी प्रत्येकी महिना २,८१२ रुपये ५० पैसे आहे, आणि मूल निवासी शाळेत असेल तर वसतिगृहाचं अनुदान महिना ८,४३७ रुपये ५० पैसे आहे. हे अनुदान मिळायला वसतिगृह नोकरदाराच्या राहत्या जागेपासून किमान ५० किलोमीटर लांब हवं. वडील काश्मिरात असतील तर ही अट आपोआप पुरी होते. कितीतरी घरं हे पैसे मागतच नाहीत, कारण शाळेचं प्रमाणपत्र वेळेवर तिकडे पाठवायचं राहून जातं.

दवाखान्याचं बोलायचं तर तरुण आईबापांपेक्षा आपल्याकडे गावी राहिलेल्या म्हाताऱ्यांचे हाल जास्त होतात. सेवेतल्या सैनिकाच्या अवलंबून असलेल्या आईवडिलांना, उत्पन्न ठरलेल्या मर्यादेच्या आत असेल तर, मिलिटरी हॉस्पिटलचे उपचार मिळतात. पण त्यांची नावं पलटणीच्या कागदोपत्री चढलेली हवीत. लग्न, बाळाचा जन्म, आईवडिलांचं अवलंबित्व, या प्रत्येक गोष्टीची पार्ट टू ऑर्डर निघावी लागते. ती निघाली नसेल तर हॉस्पिटलच्या दारात पोचूनही तुम्ही कागदावर कुणीच नसता. आज रात्री फोन येईल तेव्हा एवढं एक विचारा, "आपल्या सगळ्यांच्या पार्ट टू झाल्यात ना?"

निवृत्त झालेल्यांसाठी १ एप्रिल २००३ पासून ईसीएचएस योजना आहे. तिची पॉलिक्लिनिकं देशात सव्वाचारशेच्या आसपास आहेत, आणि एखाद्या भागात माजी सैनिक किती राहतात ते बघून ती दिली जातात. इथे छावणीची अट थोडी सैल झाली, हे फार चांगलं झालं. बिगरछावणी जिल्ह्यांनाही पॉलिक्लिनिकं मिळाली. पण गणती व्हायची तर तुमचं नाव नोंदलेलं हवं. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात नोंदणी न करता गावात शेती बघत बसलेला माजी सैनिक त्या आकड्यात दिसत नाही, आणि मग आपल्या भागात माणसंच कमी आहेत असं कागद म्हणतो.

अचानक छातीत कळ आली तर नाशिकची वाट बघू नका. देवळ्याचं ग्रामीण रुग्णालय, मालेगाव, जे जवळ असेल तिथे आधी न्या. ईसीएचएसच्या यादीबाहेरच्या रुग्णालयात तातडीने दाखल करावं लागलं, तरी ४८ तासांच्या आत पॉलिक्लिनिकला कळवलं तर खर्चाचा दावा करता येतो. हा ४८ तासांचा आकडा आणि पॉलिक्लिनिकचा नंबर घरात भिंतीवर लिहून ठेवा, म्हाताऱ्यांना वाचता येईल एवढ्या मोठ्या अक्षरात. साध्या दुखण्यासाठी सैन्याची सेहत नावाची ऑनलाइन ओपीडी २०२१ पासून आहे. मोबाइलवर डॉक्टर दिसतात आणि बोलतात. औषध इथेच घ्यावं लागतं, पण नाशिकची एखादी फेरी नक्की वाचते.

बाळाच्या लसींसाठी तर छावणीची गरजच नाही. मातृ-बाल कार्ड जपून ठेवा, आशाताईंना किंवा परगावच्या कुठल्याही सरकारी केंद्रात दाखवा, पुढची लस तिथे मिळते.

अग्निवीरांच्या आईवडिलांशी वेगळं बोलायला हवं. आपल्या गावांतली बरीच मुलं पहाटे रस्त्यावर धावून या भरतीत उतरली आहेत, त्यांचा अभिमान आहेच. पण जून २०२२ मध्ये जाहीर झालेली ही योजना चार वर्षांची आहे. त्यातल्या २५ टक्क्यांपर्यंत मुलांनाच पुढे नियमित सेवेत घेतलं जातं. बाकीच्यांना सेवानिधीची रक्कम मिळते, पण निवृत्तिवेतन नाही, माजी सैनिकाचा दर्जा नाही, ईसीएचएस नाही. तेव्हा पोरगा फौजेत गेला, आता आपल्या दवाखान्याची सोय झाली, असं धरून घरचा आरोग्यविमा बंद करू नका. आणि सेवानिधीच्या भरवशावर बहिणीच्या लग्नाचं कर्ज तर मुळीच काढू नका. तो पैसा त्याच्या पुढच्या शिक्षणाचा आहे.

दुसऱ्या देशांत काय करतात, हेही बघण्यासारखं आहे. अमेरिकेत शाळा चालतात त्या मुख्यतः तिथल्या जमीन-घरांच्या करावर, आणि लष्कराच्या जमिनीवर कर बसत नाही. म्हणून १९५० पासून तिथलं केंद्र सरकार छावणीजवळच्या शाळांना वेगळा पैसा देतं. २००८ पासून तिथल्या राज्यांनी आपसात करारही केला. सैनिकाचं मूल एका राज्यातून दुसऱ्या राज्यात गेलं की दाखले, विषय, परीक्षा यांत त्याची अडवणूक करायची नाही. इंग्लंडमध्ये २०११ पासून सैनिकाचं मूल ज्या सरकारी शाळेत असेल त्या शाळेला त्याच्या नावाने वर्षाला ठरावीक रक्कम मिळते, मग ती शाळा छावणीजवळ असो की लांबच्या खेड्यात. ब्रिटिश पलटणी जर्मनीतून मायदेशी आणायचं ठरलं, तेव्हा विल्टशायर परगण्यात किती कुटुंबं येणार हे आधी मोजलं गेलं, आणि घरांबरोबर शाळाही बांधल्या गेल्या.

आपल्याकडे छावणीची जमीन केंद्राची असल्यामुळे राज्यघटनेच्या कलम २८५ प्रमाणे तिच्यावर स्थानिक कर बसत नाही, हे अमेरिकेसारखंच. फरक पुढे पडतो. आपल्या शाळेला, आपल्या ग्रामीण रुग्णालयाला हे कळतच नाही की पटावरच्या कोणत्या मुलाचे वडील सियाचीनला आहेत. हजेरीपटावर जात लिहितात, आधार लिहितात. वडील फौजेत आहेत आणि दोन वर्षं घरी नाहीत, ही नोंद कुठेच नसते. मग मे २०२५ मध्ये ऑपरेशन सिंदूरच्या दिवसांत घराघरांत टीव्हीवर रात्रंदिवस स्फोट दाखवले जात होते, तेव्हा वडील सीमेवर असलेल्या मुलांच्या मनात काय चाललं असेल हे शाळेला आपण होऊन कळणार कुठून? असे दिवस आले तर टीव्ही बंद ठेवा, वर्गशिक्षकांना स्वतः जाऊन सांगा. आणि एरवीही, मूल ऐकत नाही म्हणून "पप्पांना फोनवर सांगते" ही धमकी देऊ नका. आठवड्यात मिळणारी ती दहा मिनिटं रागावण्यात गेली, तर मूल फोनजवळ यायचंच टाळू लागतं. त्या दहा मिनिटांत मुलाला वडिलांकडून एखादं गणित सोडवून घेऊ द्या. सुभेदार असो की शिपाई, मुलाचं गणित सोडवताना त्याचाही दिवस बरा जातो.

फौजी माणूस पुष्कळदा चाळिशीच्या आतबाहेर घरी येतो, आणि मूल त्या वेळी नेमकं माध्यमिक शाळेत असतं. निवृत्तीआधी आवडीच्या ठिकाणची पोस्टिंग मागता येते. ती मागताना आपल्या सोयीबरोबर मुलाच्या नववी-दहावीचं सालही डोळ्यांपुढे ठेवा, असं यजमानांना सांगा. नाशिकला जागा असेल तर तेवढी दोन वर्षं घर, शाळा आणि दवाखाना एकाच गावात येतात.

आणि गावात आपण काही मागू शकतो. शाळा व्यवस्थापन समितीत तीनचतुर्थांश सदस्य पालक असावेत आणि निम्म्या महिला असाव्यात, असं शिक्षण हक्क कायदाच सांगतो. त्यात एक सैनिकपत्नी घ्या, असं पालकसभेत उभं राहून सांगा. निवड तिथेच होते. लोहोणेर, उमराणे, मेशी, खर्डे, दहिवड, वाखारी, प्रत्येक गावच्या शाळेत अशी एक आई समितीवर असली, तर पुढच्या जूनमध्ये दाखल्यासाठी घरी बसणाऱ्या मुलीकडे कुणाचं तरी लक्ष जाईल. ग्रामपंचायतीने गावातल्या सेवेतल्या आणि निवृत्त सैनिकांची, वीरपत्नींची यादी करावी. माजी सैनिकांना आणि सैनिकांच्या विधवांना घरपट्टी माफ करण्याचा निर्णय राज्याने २०२० सालीच केला आहे, त्यासाठी ही यादी लागतेच. तीच यादी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाला आणि ईसीएचएसला पाठवून, महिन्यातला एक ठरलेला दिवस देवळ्यात शिबिर घ्या, डॉक्टर आणि कारकून दोघंही पाठवा, अशी मागणी सगळ्या गावांनी मिळून केली पाहिजे. एकेका गावाच्या पत्राकडे दुर्लक्ष होऊ शकतं, तालुक्यातल्या सगळ्या ग्रामपंचायतींच्या ठरावांकडे होणार नाही.

१५ ऑगस्टला ग्रामसभा असते. झेंडावंदनाला माजी सैनिकांना पुढे बसवतात, नारळ-शाल देतात. त्याच दिवशी हा ठराव मांडायचा असेल तर विषय आधी लेखी द्यावा लागतो. जुलैच्या शेवटच्या आठवड्यात ग्रामपंचायतीत जा, अर्जाच्या दोन प्रती न्या, आणि एका प्रतीवर पोच घेऊनच परत या.